वाचकांचे प्रश्न : खेळ झाल्यावर गोल करून बसा

आमच्या मंडळाची पंचवीसेक मुले महिन्यातून एकदा वृद्धाश्रमात जातात. निघण्यापूर्वी आम्ही दोरीचे, फुग्यांचे खेळ घेतो. मुलांना मजा येते, पण तिथे गेल्यावर वागणे तेच : आजींच्या हातातून ताट काढून घेणे, न विचारता गादी झटकणे. खेळ निवडताना चुकते का?
— एक युवा कार्यकर्ती, फोंडा

खेळ चुकीचा नाही, त्यानंतरचा वेळ हातचा जातो. वीस मिनिटे खेळ, तीन मिनिटे ‘काय शिकलात?’ आणि मग चहा, असे झाले तर मुलांकडे फक्त मजा उरते. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचे चक्र मांडले, त्यात चार टप्पे आहेत : अनुभव घेणे, मागे वळून तो पाहणे, त्यातून काही सूत्र काढणे आणि ते नव्या प्रसंगात वापरून बघणे. खेळ हा फक्त पहिला टप्पा. म्हणून चर्चेला निदान खेळाइतका वेळ आधीच राखून ठेवा. वेळ कमी पडला तर खेळ आटोपता घ्या, चर्चा नव्हे.

दुसरे म्हणजे, फुग्यांच्या खेळाचा आणि ताट काढून घेण्याचा संबंध मुलांना आपोआप लागत नाही. तुमच्या कामासाठी हा खेळ करून पाहा. तिघातिघांचे गट करा. प्रत्येक गटाला पाच बटणांचा एक सैल शर्ट, बिस्किटांचा बंद पुडा, कानात घालायला कापसाचे बोळे आणि दवाखान्यात मिळते ती कागदी चिकटपट्टी द्या. एकाने ‘आजी’ व्हायचे. तिचे दोन्ही अंगठे तळव्याला चिकटवायचे, पण घट्ट आवळायचे नाहीत. शर्ट घालणे आणि पुडा उघडणे हे तिचे काम. दुसरा मदतनीस, त्याला एवढेच सांगायचे : ‘मदत कर.’ तिसरा निरीक्षक. विचारून केलेली आणि न विचारता केलेली मदत अशा दोन रकान्यांत त्याने नुसत्या रेघा ओढायच्या.

खेळाचा जीव ‘आजी’च्या हातातल्या चिठ्ठीत आहे. पहिल्या फेरीची चिठ्ठी : ‘वरची तीन बटणे मला स्वतः लावायची आहेत, पण कुणी विचारले तरच सांगेन.’ दुसरीची : ‘शर्ट राहू दे, मला कुणाशी तरी बोलायचे आहे.’ तिसरीची : ‘मला वेळ लागतो, घाई केलेली आवडत नाही.’ फेरी पाच मिनिटांची, दर फेरीला भूमिका बदलायच्या. गडबड इथे होते की मुले कमरेत वाकून, हात थरथरवून म्हाताऱ्यांची नक्कल करू लागतात. ‘अभिनय करायचा नाही’ हे चिठ्ठीवरच लिहा, तरीही सुरू झाला तर फेरी लगेच थांबवा. आणि चर्चेत कुणी ‘म्हातारपण काय असते ते कळले’ म्हणाले तर तिथेच सुधारा. पाच मिनिटे अंगठे बांधल्याने म्हातारपण कळत नाही. आपण मदत कशी करतो, तेवढे मात्र दिसते. त्या रेघा मोजून दाखवल्या की वेगळा उपदेश करावा लागत नाही.

शेवटी प्रत्येकाने पुढच्या भेटीत करायची एक गोष्ट कागदावर लिहायची : ‘ताटाला हात लावण्यापूर्वी विचारेन.’ आश्रमातून परतताना, बसमध्ये चढण्यापूर्वी, तोच कागद काढून पंधरा मिनिटे बोला. हे झाले नाही तर चौथा टप्पा राहून जातो.

चर्चेला बसलो की दोघे-तिघेच बोलतात, बाकीचे माना खाली घालून असतात. काय करावे?
— एक स्वयंसेवक, पेडणे

पहिलाच प्रश्न ‘काय शिकलात?’ असेल तर मुले परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. आधी नुसते काय घडले ते विचारा : सुरुवात कुणी केली, दोरी कुठे सैल पडली? मग असे का झाले, मग आपल्या कामात असे कुठे होते, आणि शेवटी येत्या रविवारी वेगळे काय करायचे. हा क्रम उलटवू नका. मोठ्या गोलात विचारण्यापूर्वी दोघादोघांना दोन मिनिटे आपसात बोलू द्या. प्रश्न टाकल्यावर मनात दहा आकडे मोजा. तेवढी शांतता सहन न होऊन स्वतःच उत्तर देणे ही नव्या प्रशिक्षकाची सर्वांत मोठी चूक.

भाषेकडेही लक्ष द्या. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाला मनातले शुद्ध मराठीत सांगायला लावले की तो दोन वाक्यांत आटोपतो. बोलणे कोंकणीत होऊ द्या, फळ्यावर हवे तर मराठीत लिहा.

एका दिवसात २४ युवा कार्यकर्त्यांना खेळ घ्यायला शिकवायचे आहे. आम्ही दोघे प्रशिक्षक आहोत. जमेल का?
— कार्यक्रम अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजना, डिचोली

कष्टाने जमेल, मात्र खेळांची यादी कमी करा. खेळ पाहून खेळ घेता येत नाही, प्रत्येकाने एकदा तरी तो घेतलाच पाहिजे. दहा मिनिटे खेळ आणि दहा मिनिटे त्याच्या घेण्यावर बोलणे, म्हणजे माणशी वीस मिनिटे. बारा जणांच्या गटाला यातच चार तास जातात. आणखी दोन अनुभवी माणसे मिळाली तर सहा-सहाचे चार गट होतील आणि हेच काम दोन तासांत उरकेल. सकाळी तुम्ही एकच खेळ चर्चेसह पूर्ण घेऊन दाखवा, बाकीचा दिवस त्यांचा.

निरीक्षण करणाऱ्याच्या कागदावर ‘पाहिले’ आणि ‘वाटले’ असे दोन रकाने ठेवा. ‘तो चिडला’ हे वाटले, ‘त्याने दोरी सोडून हाताची घडी घातली’ हे पाहिले. एवढा फरक अंगवळणी पडला तरी दिवस सत्कारणी लागला.

संगीत खुर्चीसारखे बाद करणारे खेळ टाळा. ज्याला सरावाची जास्त गरज, तोच आधी बाहेर बसतो. घ्यायचेच असतील तर बाद झालेल्यांच्या हाती निरीक्षणाचा कागद द्या. डोळे बांधणे किंवा हात धरणे कुणाला नको असेल तर कारण न विचारता वेळ मोजायचे काम द्या. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या अंगणात डोळे बांधून कुणालाही चालवू नका. पंचायतीचे सभागृह किंवा देवळाचा सभामंडप मिळतो का ते पाहा. मे महिन्यात मैदानावरचे खेळ सकाळी दहापूर्वी संपवा.

किनारा सफाईत ‘जास्त पिशव्या भरणारा गट जिंकला’ अशी स्पर्धा लावली. पिशव्या भरल्या, पण निम्मी वाळूच निघाली.
— एक शिक्षिका, काणकोण

गुण ज्याला द्याल तेच मुले गोळा करतात. वजनाला किंवा पिशव्यांना गुण दिले की ओली वाळू येते, सुकलेले शेवाळ येते, वाळूचा बांध धरून ठेवणारी मर्यादवेलही उपटली जाते. त्यापेक्षा दर गटाला वीस मीटरचा पट्टा आखून द्या. बाटल्या, झाकणे, जाळ्यांचे तुकडे, वेष्टने असे वेगळे मोजायला लावा आणि अचूक नोंदीला गुण द्या. चर्चेत विचारा : सर्वांत जास्त काय सापडले आणि ते कुठून आले असेल? आगोंद आणि गालजीबाग येथे कासवे अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो. त्या काळात आधी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारा, दिवसाच जा आणि भरतीरेषेच्या वर फावडी, दाताळी नेऊ नका.