कंट्रोलमध्ये सिग्नल आलाय, सांगू की गप्प बसू?

प्रश्न : ताई, जीन थेरपीच्या लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून मला ८ महिने झाले. आम्ही एएव्ही बनवतो, तोच छोटा व्हायरस ज्याच्यातून चांगला जीन पेशींपर्यंत पोचवतात. गेल्या आठवड्यात माझ्या बॅचचा टायटर, म्हणजे ठरावीक द्रवात किती व्हायरस आहे तो आकडा, आतापर्यंतचा सगळ्यात जास्त आला, सर खूश, मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. रात्री सहज डेटा परत उघडला तर प्लेटच्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) कंट्रोल म्हणून नुसतं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएची गोल रिंग, आणि डीएनए खाणारं डीएनेज एन्झाइम होतं तिथेही चांगलाच सिग्नल दिसला. तो यायला नको ना? सोमवारी त्याच बॅचने उंदरांना डोस द्यायचाय. आणि खरं सांगते, पेशंट बरे व्हावेत म्हणून मी इकडे आले आणि दिवसभर पिपेटिंग करते नि ट्यूबांवर लेबलं लावते, त्यात आता हे. गप्प बसून पुढची बॅच नीट करू का?

उत्तर : नको गं, सांग. आजच सांग.

काय झालं असेल ते आधी बघू. आपण एचईके २९३ या माणसाच्या सेल्समध्ये तीन प्लाझ्मिड घालतो, एकात आपला जीन, एकात व्हायरसचे रेप-कॅप जीन, एकात त्याला बनायला मदत करणारे हेल्पर जीन, आणि साधारण तीन दिवसांनी हार्वेस्ट करतो. घातलेल्या प्लाझ्मिडपैकी बरंचसं तसंच बाहेर उरतं आणि व्हायरसबरोबर येतं. टायटर ज्याने काढतो त्या क्यूपीसीआर टेस्टला डीएनए दिसला की तो मोजणार, तो कॅप्सिडच्या (व्हायरसच्या कवचाच्या) आत आहे का बाहेर मोकळा फिरतोय हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तर मोजायच्या आधी डीएनेज लावायचं, ते बाहेरचं सगळं खातं आणि आतलं कवचामुळे वाचतं. तुझ्या प्लाझ्मिडवाल्या वेलमध्ये सिग्नल आलाय म्हणजे बहुतेक एन्झाइमने कामच केलेलं नाही, आणि तो भारी टायटर व्हायरसचा कमी नि उरलेल्या प्लाझ्मिडचा जास्त असू शकतो. फक्त एक बघ, नुसतं पाणी घातलेल्या वेलमध्ये काय आलंय? तिथेही सिग्नल असेल तर गडबड डीएनेजची नाही, मिक्समध्येच प्लाझ्मिड शिरलंय.

माझ्याबाबतीत अगदी हेच झालं होतं, दुसऱ्या वर्षी. मी डीएनेजची ट्यूब बर्फातून काढली, नीट मिसळावं म्हणून व्हॉर्टेक्सवर धरली, चांगली दहा-पंधरा सेकंद. हे एन्झाइम इतकं नाजूक असतं की असं घुसळलं की मरतं, ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी करायची असते, आणि ते लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. कंट्रोल फेल दिसल्यावर मी दोन दिवस स्वतःला समजावत बसले की जाऊ दे, थोडासाच तर आहे. तिसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी कंट्रोलच्या रेषेवर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत, डोसचा तक्ता काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. नवीन एन्झाइमने परत मोजलं तर आकडा नवव्या भागावर आला. ते दोन दिवस मला अजून टोचतात, त्या वेळात एक सहकारी माझ्याच आकड्यावरून डोसचे हिशेब करत बसली होती.

आता बघ, सगळा डोस याच आकड्यावरून निघतो. तुझा टायटर दहापट फुगलेला असेल तर उंदरांना दहावा हिस्सा जाईल, काही फरक दिसणार नाही आणि चांगला जीन 'काम करत नाही' म्हणून बाजूला पडेल. माणसांचंही तसंच, एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी बाळांना २०१९ पासून मिळणारं जीन थेरपीचं औषध झोलजेन्स्मा घे, त्याचा डोस किलोमागे सुमारे ११० लाख कोटी व्हेक्टर जीनोम (म्हणजे जीन भरलेले व्हायरस) असा मोजून देतात, आणि असं काहीही शेवटी कुणीतरी प्लेट लावूनच मोजतं.

आणि न सांगण्याचं काय होतं ते या फील्डने बघितलंय. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये डोसनंतर चार दिवसांत गेला. नंतर चौकशीत निघालं की आधीच्या पेशंटना झालेले यकृताचे त्रास वेळेवर कळवलेच नव्हते. तुझी उंदरांची बॅच आणि ते प्रकरण एका मापाचं नाही, माहितीये मला, पण सवय इथूनच लागते.

सरांकडे जाताना प्रिंट घेऊन जा आणि सरळ बोल, 'कंट्रोल फेल आहे, हा टायटर धरू नका, राहिलेल्या सॅम्पलवर नवीन डीएनेज लावून उद्या रिपीट करते.' वहीत जुना आकडा खोडरबरने पुसू नकोस, एक रेघ, तारीख, सही, आणि शेजारी कारण. एन्झाइमचा लॉट नंबरही लिही.

लेबलांचं म्हणशील तर १९९० मध्ये पहिल्यांदा ज्या ४ वर्षांच्या मुलीला मंजूर झालेली जीन थेरपी दिली, तिच्या रक्तातल्या टी सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पेशी) काढून, त्यांच्यात जीन घालून, कित्येक दिवस लॅबमध्ये वाढवून मग परत दिल्या होत्या. तेवढे दिवस त्या फ्लास्कवरचं लेबल बरोबर असणं हे कुणाचंतरी काम होतंच ना.

प्रश्न : माझे एचईके सेल्स दोन आठवडे हळू वाढतायत, ट्रान्सफेक्शन, म्हणजे सेल्समध्ये प्लाझ्मिड शिरणं, निम्म्यावर आलंय. मीडिया (सेल्स वाढतात तो द्रव) एकदम स्वच्छ, रंगही ठीक, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही. मीडियात पेनिसिलिनही आहे. फ्रीझ केलेल्या सेल्सची नवीन व्हायल काढू का?

उत्तर : थांब, आधी मायकोप्लाझ्मा टेस्ट कर. हा अगदी छोटा बॅक्टेरिया, त्याने मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे तुझी सगळी लक्षणं जुळतात. दोन-तीन दिवस न बदललेला मीडिया घे आणि पीसीआर कर, त्याच दिवशी कळतं. पॉझिटिव्ह आलं तर फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून टाक, सेल्स वाचवायच्या नादी लागू नकोस, इनक्युबेटर आणि हूड धुऊन काढ. फ्रीझ केलेल्या व्हायलही त्याच काळातल्या असतील तर एक काढून टेस्ट केल्याशिवाय त्या बॅचवर भरवसा ठेवू नको. निगेटिव्ह आलं तर पॅसेज नंबर, म्हणजे सेल्स कितीदा नव्या फ्लास्कमध्ये घातल्या ते बघ, फार पुढे गेला असेल तर मग खुशाल नवीन व्हायल काढ.

आणि टेस्टचा रिझल्ट यायच्या आधीच, आत्ता, त्या इनक्युबेटरमध्ये ज्यांचे ज्यांचे सेल्स आहेत त्यांना सांगून ये, म्हणजे आज संध्याकाळी कुणी त्यातून पुढची बॅच लावणार नाही.