वर्धापनदिनाचे उड्डाण आणि ऐनवेळी बदललेले विमान

तुमचा प्रश्न असा आहे की, विमान कंपनीच्या जुन्या रंगसंगतीत रंगवलेल्या विमानासाठी तुम्ही नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलात, वर्धापनदिनाच्या विशेष उड्डाणाचे तिकीट चढ्या दराने काढलेत, आणि गेटवर नेहमीच्याच रंगाचे विमान लागले. याला फसवणूक म्हणायचे का? विमान बदलणे ही फसवणूक नव्हे, असे माझे मत आहे. मात्र जाहिरातीत त्या एकाच विमानाचे छायाचित्र झळकवायचे आणि ते येणार नाही हे प्रवासी रांगेत उभे राहीपर्यंत सांगायचे नाही, हा प्रकार फसवणुकीच्या फार जवळ जातो.

कंपनीच्या ताफ्यात शंभर विमाने असली तरी जुन्या रंगाचे बहुधा एकच असते, आणि तेही समारंभासाठी राखून ठेवलेले नसते; आदल्या रात्रीपर्यंत ते इतरांसारखेच दिवसाला चार-सहा फेऱ्या करत असते. संध्याकाळी कुठे पक्षी धडकला, किंवा किमान उपकरण यादीत (कोणता बिघाड असतानाही उडता येते, ते सांगणाऱ्या यादीत) सूट नसलेला एखादा बिघाड निघाला, की अभियंत्याची सही होईपर्यंत ते जागचे हलत नाही. अशा वेळी संचालन कक्षातला माणूस एवढेच पाहतो की त्याच प्रकारचे दुसरे विमान सकाळी तिथे मोकळे आहे का. त्याच प्रकारचे अशासाठी, की वैमानिकांचे परवाने विमानाच्या प्रकारानुसार असतात. एअरबस ३२० चालवणाऱ्यांना आयत्या वेळी बोइंग ७८७ वर बसवता येत नाही. रंगाचा रकाना त्याच्या तक्त्यात नसतोच.

तिकिटाच्या अटींतही ठरावीक विमानाची हमी सहसा दिलेली नसते. विमान बदलल्यामुळे तुम्हाला खालच्या वर्गात बसवले असते, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२३ च्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मागता आली असती. रंग बदलला म्हणून तसा हक्क मिळत नाही. तरीही जाहिरातीचे छायाचित्र जोडून लेखी तक्रार जरूर करा. ‘विशेष’ म्हणून घेतलेली जादा रक्कम परत मागणे मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

बदल आधीच मोकळेपणाने सांगितला तर मन इतके खट्टू होत नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथ विमानातून; पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तीच वाट पुन्हा उडून काढली ती लेपर्ड मॉथमधून. विमान दुसरे होते हे कोणी लपवले नाही, त्यामुळे ते कोणाला खटकलेही नाही. आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल विमाने मध्यरात्री एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. त्या सेवेच्या स्मरणार्थ उद्या कोणी उड्डाण ठेवले, तर त्या काळचे डकोटा आणणार कुठून? मी तर पर्यायी विमानातूनही आनंदाने जाईन, फक्त ते आधी कळले पाहिजे. (एरवी आपण नागपूरकर अशा विस्कटलेल्या वेळापत्रकावरच जगतो: विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या हँगरमध्ये दुरुस्तीला आलेली मोठी विमाने इतरांच्या वेळापत्रकातून वगळलेलीच असतात, आणि ती पाहायला आपण वर्धा रोडवर गाडी थांबवतो.)

पुढच्या वेळी आदल्या रात्री त्या विमानाचा नोंदणी क्रमांक विमानांचा माग काढणाऱ्या ॲपवर टाकून पाहा. ते दुसऱ्याच शहरात मुक्कामाला असेल, किंवा दोन दिवस उडालेलेच नसेल, तर आशा बेताची ठेवा. आपला आसन क्रमांक आपोआप बदलला असेल, तर विमानाचा प्रकार बदलल्याची शक्यता मोठी असते. मात्र त्याच प्रकारचे, तितक्याच आसनांचे दुसरे विमान आले तर आसन नकाशावरून काहीच कळत नाही. परतीचे तिकीट आणि सुट्टी या एका विमानाच्या भरवशावर आखू नका. मुंबईत दुसरे एखादे काम जोडून ठेवा.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका उड्डाणाला, कंपनीचे नाव घेत नाही, मी काचेला नाक लावून उभा होतो. विमान वळले, पुढच्या चाकाच्या झडपेवरची नोंदणी क्रमांकाची दोन अक्षरे दिसली आणि ती भलतीच निघाली. आत गेल्यावर हवाई सुंदरीने हसतमुखाने स्मृतिपत्र हाती ठेवले. त्यावर न आलेल्या विमानाचे चित्र आणि त्याचाच नोंदणी क्रमांक आधीच छापलेला होता. शेजारच्या गृहस्थांकडून बॉलपेन मागून घेतले, छापील क्रमांकावर रेघ मारली आणि खाली खरा क्रमांक लिहिला. माझ्या फाइलमध्ये ते पत्र त्या खाडाखोडीसह लावलेले आहे.