मशीनवरच्या गोधडीला दोरा कोणता?

ताई, पहिलीच गोधडी ना? मग ५० नंबरचा सुती दोरा घ्या, बॉबिनमध्येही तोच भरा. रिळावरचा आकडा उलटा चालतो: आकडा मोठा, दोरा बारीक. ४० नंबरचा टाका उठून दिसतो, म्हणजे वाकडी शिवणही उठून दिसते!

हमखास होणाऱ्या चुका:
– दोरा बदलला, सुई तीच. ५० च्या दोऱ्याला ८०/१२ नंबरची सुई, ४० ला ९०/१४.
– आजीच्या डब्यातलं जुनं रीळ. हातभर ओढून बघा. पटकन तुटलं तर टाचायलाही नको.
– थेट गोधडीवर हात. आधी तेवढेच थर घातलेल्या वीतभर तुकड्यावर शिवा. खालून दोऱ्याची वेटोळी दिसली, तर ताणाच्या चकतीशी झटू नका. कापड दाबून धरणारा फूट वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. बहुतेकदा तेवढंच असतं.

जरीचे दोरे पुढच्या गोधडीला.