मी १९ वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो, गे आहे. लग्न झालं की हे जातं असं ऐकलंय, खरं का? घरी सांगू का?

नाही जात. लग्नाने साधं पित्त जात नाही, हे कुठून जाणार?

घरी सांगण्याचं बघूच, पण लग्नाबद्दल बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, पुन्हा जिवंत केलं. दिल्ली हायकोर्टाने २००९ ला दिलेला दिलासा गेला. माझे मामा तेव्हा आमच्याकडे सदाशिव पेठेत मुक्कामाला होते. मी गे आहे हे मी आईला सांगितलं होतं आणि आईने अर्थातच मामांना. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्यांनी घडी घालून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "बघ. कोर्टानेच सांगितलंय." आणि त्याच रविवारी चिंचवडला मुलगी बघायचा कार्यक्रम.

मी गेलो, ही चूक माझीच. २७ वर्षांचा घोडा, स्वतःचा पगार, तरी मामांच्या गाडीत मागे गप्प बसून गेलो. पोह्यांवर ओलं खोबरं इतकं की पोहे दिसत नव्हते. मग रीतीप्रमाणे आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला खरंच लग्न करायचंय?" मी म्हटलं, नाही. का ते पण सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी सांगायचं ना. आई पहाटेपासून नारळ खोवतेय." खाली जाऊन तिनेच 'मला पसंत नाही' म्हणून सांगितलं. माझ्यावर काही येऊ दिलं नाही.

आणि मामा आजतागायत नातेवाइकांत काय सांगतात? चिंचवडच्या मुलीने नाकारलं, त्या धक्क्याने हा असा झाला! मामा, आधी झालो, मग नाकारलं. क्रम लक्षात घ्या.

६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून ३७७ उठवलं. गणपती आठवड्यावर आले होते. या वेळी पेपरची घडी मी मामांच्या कपाशेजारी ठेवली. "कोर्टाला काय कळतंय," म्हणाले. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा त्यांचा कोर्टावर पुन्हा विश्वास बसला. या दहा वर्षांत मी होतो तसाच होतो. एवढं पाठ कर, बाकीचं राहू दे.

मध्ये मामांनी ओळखीच्या एका डॉक्टरांकडेही नेलं होतं. त्यांनी गोळ्या आणि रोज सूर्यनमस्कार सांगितले. सूर्यनमस्कारांनी पाठ सुधारली. तुला असं कोणी नेलं तर ऐकून ठेव: जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच याला आजारांच्या यादीतून काढलंय, आणि 'बरं करून देतो' म्हणणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलंय.

एकटा राहू नकोस. बिंदुमाधव खिरे यांनी आपल्यासारख्यांसाठी समपथिक ट्रस्ट पुण्यात २००२ मध्ये सुरू केला. कॉलेजात असताना मी पत्ता दोनदा कागदावर लिहिला आणि दोनदा फाडला. फुकट गेलेली वर्षं. आता २०११ पासून पुण्यात प्राइड, म्हणजे आपल्या लोकांची मिरवणूक, निघते, नुसती फुटपाथवरून बघितलीस तरी चालेल. रात्री फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

माझं आज बरं चाललंय. कोथरूडला दोघं राहतो, घरमालकांच्या लेखी 'दोन बॅचलर'. भांडण होतं ते दुधाची पिशवी कोण आणणार यावरून.

घरी? आत्ता नको. फी वडील भरतात ना? आधी नोकरी आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर. अर्थात तुझं घर मला माहीत नाही, काही आया ऐकून नुसतं "जेवलास का" विचारतात. पण आमच्या आईसारखी असेल, तर सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत मामाकडे पोचणार हे धरून चाल.