शाल, श्रीफळ आणि बंद पडलेलं मशीन

प्रश्न : मी एका सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत शाखाधिकारी आहे. सहा जणांचा स्टाफ. ३१ मार्चला आमचा कॅशियर रात्री साडेअकरापर्यंत थांबला, म्हणून पुढच्या आठवड्यात ग्राहकांसमोर त्याला शाल-श्रीफळ दिलं. तो लालबुंद झाला आणि दोन दिवस रजेवर गेला. आता कामापुरतंच बोलतो. दुसरीकडे क्लार्क बाई. काम चोख, पण हल्ली कायम घुश्श्यात. बिनचूक व्हाउचरंही ‘सर, एकदा बघता का?’ म्हणत घेऊन येतात. मी म्हणतो, ‘बरोबरच असतात तुमची, ठेवा.’ कॅशियरचं नोटा मोजायचं मशीन महिनाभर बंद आहे, पण तो मुद्दा वेगळा. मी सगळ्यांना सारखंच वागवतो. चुकतंय कुठे?
– एक शाखाधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर : मशीनचा मुद्दा वेगळा कसा? तिथूनच सुरुवात करू.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी २८ वर्षं पर्सोनेलला, म्हणजे कर्मचारी विभागात होते. ट्रेनिंगमध्ये हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी सांगितलेल्या तीन गरजा शिकवल्या : काम फत्ते करून दाखवण्याची, माणसांत राहण्याची आणि इतरांवर वजन पाडण्याची. या मॅक्लेलंडनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या उद्योजकांसाठी पहिल्या गरजेवर वर्ग घेतले होते, त्यामुळे आमचे सर त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलत. मी सगळं वहीत उतरवलं आणि कारखान्यात परत येऊन पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

टूलरूममध्ये एक फिटर होता. प्रेसवर अडकलेली डाय (साचा) त्याने रात्रपाळीत दुरुस्त केली. मी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माइकवरून त्याचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. तिसऱ्या दिवशी तो एकटाच डबा खात होता, बाकीचे चौघं पलीकडच्या टेबलावर. ‘मॅडमचा माणूस’ झाला होता तो. त्या रात्री आणखी कोणाकोणाचे हात लागले होते, हे मी विचारलंच नव्हतं.

तुमचा कॅशियर त्या रात्री एकटाच थांबला होता का? शाखेत सहा जण, आणि शाल एक. उरलेल्या पाचांच्या नजरा झेलत तो ती अंगावर घेऊन उभा राहिला. महिनाभर ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजणाऱ्याला काय हवं असेल, ते तुमच्या पत्रातच आहे. खात्री करायची तर त्याला विचारा. केबिनमध्ये बोलावू नका, रोख जुळल्यावर त्याच्या काउंटरपाशी जा.

बाईंचं उलटं आहे. बरोबर असलेली व्हाउचरं कोणी उगाच तपासायला आणत नाही. तुम्ही मान वर करून दोन मिनिटं बघावं, एवढ्यासाठी त्या येतात. तुमच्या ‘ठेवा’मध्ये विश्वास असेलही, त्यांना मात्र ते वाटेला लावल्यासारखं ऐकू येतं. एखादं व्हाउचर खरंच हातात घ्या. त्यांना सत्कारही आवडेल बहुतेक. फक्त तीच शाल नको!

त्या फिटरला मी महिन्याभराने विचारलं, तुम्हाला काय हवंय? म्हणाला, ‘स्वतःचा मापाचा व्हर्निअर आणि कुलूप लागणारा ड्रॉवर. पोरं घेऊन जातात, आपटतात, मग माप चुकतं.’ स्टोअरमधून दोन्ही मिळायला चार दिवस लागले.