कबड्डीत खांद्यावर पडलो, चार महिने झाले तरी कॉलर बोनच्या टोकाशी दुखतं. तेल मालिश करून डिप्स सुरू करू का?

नाही. डिप्स (दोन दांड्यांवर हातांनी अंग तोलून खाली-वर होणं), बेंच प्रेस, मालिश, तिन्ही बंद कर.

मी औसा तालुक्यातला. चैत्रातल्या जत्रेत चढाई करताना तीन गडी अंगावर घेऊन उजव्या खांद्यावर आपटलो. खाली वाळलेली काळी माती, म्हणजे दगडच. हासळीचं, म्हणजे कॉलर बोनचं, बाहेरचं टोक वर आलं. पेटीची पट्टी दाबावी तसं बोटानं खाली जायचं, सोडलं की पुन्हा वर. चुलते मला हाडं बसवणाऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं 'खांदा उतरलाय' म्हणत हात ओढून फिरवला. चुलते म्हणाले, "आता बसला. जोर मारायला लाग." तीन आठवड्यांत मी जोर मारायलो होतो! पोळ्यापर्यंत उजव्या कुशीवर झोपता येईना, आंघोळीत उजवा हात डाव्या खांद्यापर्यंत पोचेना. खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळताना चुलते म्हणाले, "बैलाचा खांदा मळल्यानं मोकळा होतो, तुझाच कामून होईना? मनानं खचलायस."

दिवाळीनंतर लातूरला दोन्ही खांद्यांचा एक्स-रे काढला. हासळी जिथं खांद्याच्या पातीला जुळते त्या सांध्याची (एसी जॉइंट) तिसऱ्या ग्रेडची इजा निघाली. खांद्याचा गोळा जागेवरच होता, हासळीला खाली धरून ठेवणारे लिगामेंट तुटले होते. तुटलेले लिगामेंट हात ओढल्यानं जुळतात का? जू ओढून आखडलेला बैलाचा खांदा वेगळा, हे वेगळं. चुलत्यांना हे मी दहादा सांगितलं.

पहिल्या-दुसऱ्या ग्रेडला ऑपरेशन लागत नाही, तिसऱ्यालाही बहुतेक वेळा नाही. मला चार महिने व्यायाम दिले: खांद्याची पात मागे ओढणं, रबर बँड खेचणं. आधी ओढायचं, ढकलायचं नंतर. ढकलायचं तेही आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. डिप्स सगळ्यात शेवटी, कारण त्यात खूप भार त्याच सांध्यावर येतो. दुखत असताना बेंच मारत राहिलास तर हासळीचं टोक झिजू शकतं. वर आलेल्या टोकाचं टेंगूळ माझं अजून आहे, तुला असेल तर तुझंही राहू शकतं. त्यावरून कुणी 'बसला नाही' म्हटलं तर ऐकू नकोस.

मी डॉक्टर नाही. तुझी ग्रेड कोणती हे एक्स-रे काढल्याशिवाय मला काय, कुणालाच सांगता येणार नाही. हाताला मुंग्या येत असतील, ताकद गेली असेल किंवा हाड मागच्या बाजूला सरकल्यासारखं वाटत असेल तर उद्याच हाडांच्या डॉक्टरकडे जा. चौथ्या ग्रेडपासून पुढे बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं. इतकं करूनही दुखणं हटत नसेल तर सांध्यात इंजेक्शन देतात, तेही डॉक्टरनं ठरवायचं.

पुढच्या खांदेमळणीला मी दोन्ही बैलांचे खांदे उजव्या हातानं मळले. चुलते शेजारी उभे होते. म्हणाले, "बघ, झाला का नाही मोकळा?" मी म्हणालो, "झाला काका, पण जोर सोडल्यावर झाला." ते काही बोलले नाहीत. वाटीतलं उरलेलं लोणी त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.