बोझे ऑन्केल्झ ऐकायला घेतोयस?
मित्रा, हा जर्मन रॉक बँड पहिल्या रेकॉर्डपासून क्रमाने ऐकू नकोस. 1980 मध्ये पंक म्हणून सुरू झालेली ही फ्रँकफर्टची पोरं स्किनहेड टोळक्यात (डोकं भादरलेली, त्या काळी बरीचशी अतिउजव्या विचारांकडे झुकलेली पोरं) शिरली. 1984 च्या पहिल्या अल्बमवर जर्मनीत 1986 मध्ये निर्बंध आले, आणि माझ्या मते योग्यच होते. पुढे त्यांनी त्या विचारांशी फारकत घेतली, तरी कित्येक रेडिओंनी आणि दुकानांनी दारं बंदच ठेवली. मग भिस्त थेट चाहत्यांवर. कालांतराने रूल 23 हे स्वतःचं लेबलही (रेकॉर्ड कंपनी) आलं. 1998 चा ‘व्हिवा लॉस तिओझ’ जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला, सुरुवात तिथून कर. बोलांचा अर्थ शेजारी उघडा ठेव, नुसत्या गिटारवर भाळू नकोस. मग जर्मनीतल्या दोन रेसट्रॅकवरच्या मैफली, 2005 चा लाउझित्झरिंगवरचा निरोप आणि 2014 चं हॉकेनहाइमरिंगवरचं पुनरागमन, लागोपाठ बघ. कुणी नाक मुरडलं तर भांडू नकोस, त्यांच्याकडेही कारणं आहेत.